शुक्रावर पीएचडी करून पोट भरतं का? ग्रहांच्या हवामानातल्या करिअरबद्दल

एका ताईंनी विचारलंय की लेक बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला दुसऱ्या ग्रहांच्या हवामानावर काम करायचंय, आणि घरात कुणालाच कळत नाहीये की हे नक्की काय काम असतं, त्यात नोकरी मिळते का, परदेशीच जावं लागतं का, आणि शुक्रावर पीएचडी केली तर जन्मभर शुक्रच करत बसावं लागणार का. मी ह्याच धंद्यात बरीच वर्षं आहे. शुक्र आणि मंगळाच्या वातावरणातून उष्णता कशी ये-जा करते त्याची कॉम्प्युटरवरची मॉडेलं चालवणं हे माझं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो. (लग्नकार्यात भेटणारे निम्मे लोक मला अजून विचारतात यंदा पाऊस कसाय, आणि उरलेले विचारतात मुलीला कडक मंगळ आहे तर काय करायचं. दोन्हींचं उत्तर माझ्याकडे नसतं.)

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण बाकीच्यांची उत्तरं त्यातच येतात. जन्मभर एकच ग्रह करून सहसा कुणाचं भागत नाही. ह्या क्षेत्रातल्या बहुतेक मोठ्या माणसांनी फिजिक्सचं एखादं हत्यार नीट शिकून घेतलं आणि ते घेऊन ग्रहोग्रही फिरले, आणि त्यातले बरेच जण फिरून शेवटी पृथ्वीवर आले.

जेम्स हॅन्सनचंच बघा. लोकांना तो माहीत आहे तो २३ जून १९८८ ला अमेरिकेच्या सिनेट कमिटीपुढे त्याने पृथ्वी तापतेय अशी साक्ष दिली म्हणून. पण ह्या माणसाची १९६७ ची पीएचडी शुक्रावर आहे, आयोवा युनिव्हर्सिटीत, अवकाश-शास्त्रज्ञ व्हॅन ॲलन यांच्या डिपार्टमेंटमध्ये. आणि त्या थीसिसमधली कल्पना पुढे टिकलीसुद्धा नाही! त्याचं म्हणणं होतं की शुक्राच्या हवेत धुळीचा जाड थर आहे आणि तो ग्रहाच्या पोटातली उष्णता बाहेर पडू देत नाही. खरं कारण निघालं प्रचंड कार्बन डायऑक्साइडचा हरितगृह परिणाम. थीसिस चुकीचा निघाला म्हणून करिअर बुडलं का, तर नाही, कारण ते करताना ढगाळ हवेतून प्रकाश कसा विखुरतो त्याचं गणित त्याच्या हातात बसलं, आणि त्याच गणिताने त्याने पुढे जे केलं ते मी आजही विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यात दाखवतो.

ते असं. शुक्र पृथ्वीच्या कक्षेच्या आत फिरतो म्हणून त्याला चंद्रासारख्या कला आहेत. म्हणजे सूर्याचा प्रकाश त्याच्या ढगांवर पडून आपल्याकडे वळतो तो कोन महिनोन्महिने बदलत राहतो. ढगातून उसळलेला प्रकाश थोडासा ध्रुवित होतो, म्हणजे पोलराइज होतो, आणि कुठल्या कोनाला किती होतो ह्याचा आलेख काढला तर त्याला विशिष्ट चढउतार असतात. १९२० च्या दशकात बर्नार्ड लियो नावाच्या फ्रेंच माणसाने पॅरिसजवळ म्यूदाँला स्वतः बनवलेल्या यंत्राने ही मोजणी इतकी काटेकोर करून ठेवली होती की पन्नास वर्षं झाली तरी ती वापरात होती. १९७४ मध्ये हॅन्सन आणि हॉलंडचा होफेनियर ह्या दोघांनी लियोचे आणि नंतरच्या लोकांचे आकडे घेतले आणि वेगवेगळ्या आकाराच्या, वेगवेगळ्या पदार्थांच्या थेंबांसाठी गणित करून बघितलं की कुठला आलेख जुळतो. आलेखात एका ठिकाणी जो उंचवटा येतो तो आपल्या इंद्रधनुष्याचाच भाऊ, आणि तो दिसतो म्हणजे कण गोल आहेत, थोडक्यात ते बर्फाचे स्फटिक नसून द्रवाचे थेंब आहेत. थेंबाची त्रिज्या निघाली साधारण १ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आणि अपवर्तनांक, म्हणजे पदार्थात शिरताना प्रकाश किती वाकतो त्याचा आकडा, निघाला १.४४. पाण्याचा असतो १.३३, तेव्हा पाणी तिथल्या तिथे बाद. १.४४ ला बसतं ते साधारण ७५ टक्के तीव्रतेचं सल्फ्युरिक ॲसिड. ॲसिडची कल्पना थोडी आधी एक-दोघांनी स्वतंत्रपणे मांडली होती, पण इथे ती आकड्याने पक्की झाली. तिथे कुणी गेलं नाही, हवेचा नमुना आणला नाही, पृथ्वीवर बसून एका ठिपक्याच्या प्रकाशावरून ढग कशाचे ते सांगितलं. लेकीला हे वाचून अंगावर काटा आला तर तिने ह्यात यावं, आणि 'बरं, मग?' असं वाटलं तर दुसरं काहीतरी करावं, मी गंमत नाही करत.

हॅन्सन पुढे पायोनियर व्हीनस ह्या यानावरच्या एका उपकरणाचा प्रमुख होता, आणि यान निघालं त्याच १९७८ साली त्याने ते पद सोडलं, कारण त्याला पृथ्वीच्या हवामानाचं मॉडेल जास्त निकडीचं वाटायला लागलं होतं. शुक्रावर घासलेलं गणित तेच, फक्त ॲसिडच्या थेंबांऐवजी ज्वालामुखीतली धूळ आणि कार्बन डायऑक्साइड.

दुसरा माणूस जेम्स पोलॅक. हे नाव बाहेर फारसं कुणाला माहीत नाही पण आमच्या धंद्यात मला विचाराल तर 'करिअर असावं तर असं' म्हणून मी ह्याचंच नाव घेईन. प्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगनचा पहिला पीएचडी विद्यार्थी, १९७० पासून नासाच्या एम्स सेंटरला, कॅलिफोर्नियात. ह्याने शुक्राचे ढग विमानातून इन्फ्रारेडमध्ये बघितले आणि तेच ॲसिड त्यालाही दिसलं. मग मंगळ. १९७१ च्या नोव्हेंबरात मरिनर ९ हे यान मंगळाभोवती कक्षेत शिरलं तेव्हा अख्खा ग्रह धुळीच्या वादळात बुडालेला होता, फोटोत काही दिसेना, मोठमोठ्या ज्वालामुखींचे माथे तेवढे वर आलेले. कॅमेरावाले वैतागले, पण तापमान मोजणाऱ्यांना लॉटरी लागली, कारण दिसलं असं की धुळीने वरची हवा तापलीये आणि खाली जमीन थंड पडलीये. आता हाच विचार पुढे न्या. पृथ्वीवर मोठा ज्वालामुखी फुटला तर? पोलॅकने त्यावर पेपर लिहिले. लघुग्रह आदळून धूळ उडाली तर? त्यावरही काम. अणुयुद्धात शहरं जळून काजळी वर गेली तर? डिसेंबर १९८३ मध्ये 'सायन्स' ह्या जर्नलमध्ये पाच जणांचा तो न्यूक्लियर विंटरचा, म्हणजे त्या काजळीने पृथ्वी थंड पडण्याचा, पेपर आला त्यात पोलॅक चौथा आणि सेगन पाचवा. त्या पेपरातलं मॉडेल एकाच उभ्या रेषेतलं होतं, समुद्र नाही, वारे नाहीत, आणि नंतर त्रिमितीय मॉडेलं आली तेव्हा थंडीचा आकडा बराच खाली आला, म्हणून त्यावर टीका झाली आणि काही टीका रास्तच होती. पण प्रश्न योग्य होता आणि तो मंगळाच्या धुळीतून आला होता हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ह्याशिवाय शनीची कडी, गुरूसारखे ग्रह मुळात बनतात कसे, जुन्या मंगळावर पाणी वाहत होतं तर तिथली हवा किती दाट असायला हवी, सगळीकडे ह्या माणसाचा हात. १९९४ मध्ये ५५ वर्षांचा असताना कॅन्सरने गेला. राक्षसी ग्रहांच्या जन्मावरचा त्याचा पेपर तो गेल्यानंतर १९९६ ला छापून आला आणि आजही त्या विषयात कुणी काही लिहायला बसलं की तो पेपर उघडल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आणि तिसरे आपल्याकडचे, वीरभद्रन रामनाथन. मदुराईचे, अण्णामलाई युनिव्हर्सिटीतून इंजिनियर, पहिली नोकरी सिकंदराबादला रेफ्रिजरेशनच्या कारखान्यात, आणि तिथे काम काय तर फ्रिजमधला गॅस गळतो कुठून ते शोधा! मग बंगलोरला आयआयएससी, मग न्यूयॉर्क राज्यात स्टोनी ब्रूकला पीएचडी, तीही इंजिनियरिंगमध्ये करायची म्हणून गेले, तर गाईड रॉबर्ट सेस म्हणाले मी आता ग्रहांच्या वातावरणाकडे वळलोय. झालं, साहेब शुक्र-मंगळाच्या इन्फ्रारेड किरणांचं गणित शिकले. १९७५ मध्ये ते गणित त्यांनी पृथ्वीवर लावून दाखवलं की तोच फ्रिजमधला गॅस, सीएफसी, एक रेणू कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजार रेणूंच्या तोडीने उष्णता अडवतो. तोपर्यंत सीएफसी म्हटलं की सगळ्यांचं लक्ष ओझोनकडे होतं, हे कुणी बघितलंच नव्हतं. कारखान्यातली गळती आणि शुक्राचं गणित एकाच डोक्यात असल्यावर काय होतं बघा.

तर 'शुक्रावर पीएचडी करून पुढे काय' ह्याचं उत्तर हे आहे. ज्याला रेडिएटिव्ह ट्रान्सफर, म्हणजे हवेतून किरणं शोषली-विखुरली जाण्याचं गणित, येतं, किंवा द्रवगतीचं गणित येतं, किंवा वातावरणातलं रसायन येतं, त्याला ग्रह बदलता येतो. ज्याला फक्त 'मंगळाबद्दल सगळं' माहीत असतं त्याला नाही येत.

आता रोजचं काम कसं असतं. लोकांना वाटतं दुर्बिणीला डोळा लावून बसतात. माझ्या ओळखीच्या बहुतेकांनी वर्षानुवर्षं दुर्बिणीला हात लावलेला नाही. सकाळी येऊन आधी बघायचं रात्री लावलेलं मॉडेल चाललं की आपटलं. बहुतेक वेळा आपटलेलं असतं. मग लॉग फाइल उघडा, तर वरून तिसऱ्या थरात तापमान शून्य केल्व्हिनच्या खाली गेलंय, जे निसर्गात होऊ शकत नाही, म्हणजे टाइमस्टेप (मॉडेल एका उडीत जेवढा काळ पुढे सरकतं ती) मोठी पडली, किंवा वरच्या टोकाला लाटा शोषून घ्यायचा जो थर ठेवतात तो पातळ पडला, किंवा कुणीतरी, बहुधा आपणच, एकक चुकवलं. ते दुरुस्त करून परत लावा. त्यानंतर हिशेब, ग्रहावर येणारी ऊर्जा आणि बाहेर जाणारी ऊर्जा लांबच्या सरासरीला जुळते का. जुळत नसेल तर बाकीचे रंगीत नकाशे कितीही सुंदर असोत, फेकून द्यायचे.

ह्या हिशेबातच किती मजा आहे ते सांगतो. शुक्र सूर्याच्या जवळ आहे पण त्याचे ढग तीन चतुर्थांश प्रकाश परत फेकतात, त्यामुळे तो शोषून घेतो दर चौरस मीटरला सरासरी साधारण १६० वॅट. पृथ्वी शोषते २४० च्या आसपास. म्हणजे शुक्राला आपल्यापेक्षा कमी ऊर्जा मिळते! नुसत्या त्या ऊर्जेवर त्याचं तापमान उणे ४० च्या आसपास यायला हवं, आणि जमिनीवर प्रत्यक्षात आहे ४६० अंश सेल्सियसच्या वर, दाब आपल्या ९० पट. ही मधली पाचशे अंशांची तफावत समजावून सांगणं हे एक अख्खं करिअर आहे. कारण इतक्या दाबाला कार्बन डायऑक्साइडच्या वर्णरेषा, म्हणजे तो ज्या ठरावीक तरंगलांब्यांना प्रकाश शोषतो त्या, सुट्या राहत नाहीत, गर्दीच्या लोकलमधल्या माणसांसारख्या एकमेकांत घुसतात, आणि रेषेच्या मध्यापासून लांबवर पसरलेल्या कडा किती शोषतात हे प्रयोगशाळेत मोजणं महाकठीण, म्हणून प्रत्येक जण आपापला अंदाज वापरतो आणि मग कॉन्फरन्सला त्यावरून भांडणं. ह्याच शोषणात थोड्या फटी आहेत, १.७४ आणि २.३ मायक्रॉनला, जिथून शुक्राच्या रात्रीच्या बाजूने खालच्या तापलेल्या हवेचा उजेड ढगांतून पाझरून बाहेर येतो. हे लक्षात आलं १९८० च्या दशकात, ऑस्ट्रेलियातल्या दुर्बिणीतून. तोपर्यंत पायोनियरच्या कुप्या, रशियन व्हेनेरा, सगळी यानं जाऊन आली होती.

दुसरी डोकेदुखी म्हणजे वारा. शुक्राला स्वतःभोवती फिरायला २४३ दिवस लागतात पण त्याचे वरचे ढग चारेक दिवसांत ग्रहाला फेरी मारतात. का, ह्याचं पूर्ण समाधानकारक उत्तर अजून नाही. जपानच्या अकात्सुकी यानाने ह्यावर छान काम केलं, आणि त्याचीही कथा अशी की २०१० मध्ये इंजिन बिघडून ते शुक्राजवळून पुढे निघून गेलं, पाच वर्षं सूर्याभोवती फिरलं, आणि डिसेंबर २०१५ मध्ये छोट्या थ्रस्टरवर त्यांनी ते कक्षेत बसवलं. मॉडेलवाल्यांची गोष्ट वेगळीच. निरनिराळ्या गटांनी आपापल्या मॉडेलना अगदी एकसारखी उष्णता दिली, तरी प्रत्येकाचा वारा वेगळा आला! कारण कोनीय संवेग, म्हणजे फिरत्या हवेच्या फिरण्याचा साठा, प्रत्येक कोडमध्ये आकडेमोडीच्या फटीतून थोडा थोडा गळतो, पृथ्वीसाठी ते खपून जातं, शुक्रावर तीच गळती खऱ्या परिणामाएवढी होते. लेकीला सांगा की कोडिंग म्हणजे नुसतं पायथनमध्ये ग्राफ काढणं नाही, आतला सॉल्व्हर, म्हणजे समीकरणं सोडवणारा भाग, काय करतो ते कळलं पाहिजे, आणि हो, फोरट्रान ही जुनी कोडिंगची भाषा अजून जिवंत आहे, नाक मुरडू नये.

आता त्रासाचं बोलतो, कारण ते कुणी सांगत नाही. ह्या धंद्यात वेळ फार लागतो आणि तो आपल्या हातात नसतो. शनीकडे गेलेलं कॅसिनी यान आणि त्याने टायटन ह्या शनीच्या चंद्रावर सोडलेली ह्युजेन्स कुपी, ह्या जोडीची कल्पना १९८२ ची, उड्डाण १९९७, ह्युजेन्स टायटनवर उतरलं १४ जानेवारी २००५ ला. त्यावर वारा मोजायचा एक प्रयोग होता, ज्यावर एका अमेरिकन शास्त्रज्ञाने अठरा वर्षं घालवली होती, आणि ऐन वेळी त्याचा रेडिओ चॅनेल ऐकणारा रिसीव्हर चालू करायची आज्ञाच कॅसिनीला गेली नाही. सगळा डेटा हवेत. सुदैवाने पृथ्वीवरच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींनी ह्युजेन्सचा तो क्षीण सिग्नल थेट पकडला होता आणि त्याच्या फ्रिक्वेन्सीतल्या बदलावरून टायटनचे वारे काढता आले. हे शेवट गोड झालेलं उदाहरण आहे, प्रत्येक वेळी होतोच असं नाही. नासाचं डाविंची हे शुक्राचं यान २०२१ ला निवडलं गेलं, अजून उडायचंय. म्हणून पीएचडी कधीही एका न उडालेल्या यानावर टांगू नये, हातात असलेल्या डेटावर करावी आणि यान आलं तर बोनस.

नोकरीचं म्हणाल तर पीएचडी पाच-सहा वर्षं, मग पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरच्या दोन-तीन वर्षांच्या तात्पुरत्या संशोधनाच्या नोकऱ्या, एक, दोन, कधी तीन, प्रत्येक वेळी गाव बदलायचं, आणि कायमच्या जागा मोजक्या. ज्यांना मिळत नाही किंवा नको वाटतं ते कुठे जातात? हवामानखाती, सॅटेलाइट डेटा, सोलर-पवनऊर्जेचा अंदाज, विमा कंपन्यांचं क्लायमेट रिस्क, आणि सरळ डेटा सायन्स. उपाशी कुणी राहिलेलं मी पाहिलं नाही, पण पस्तिशीपर्यंत बस्तान बसत नाही हे खरं, आणि घरच्यांनी ते आधीच पचवून ठेवावं. ज्या मुलीच्या मागे दर दिवाळीत 'अजून शिकतेच आहेस का' लागतं तिची अर्धी शक्ती तिथेच जाते.

परदेशी जायलाच हवं का? आता तितकंसं नाही. अहमदाबादची पीआरएल (फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी), तिरुवनंतपुरमची स्पेस फिजिक्स लॅबोरेटरी आणि आयआयएसटी (अवकाश विज्ञान-तंत्रज्ञानाची संस्था), बंगलोरची आयआयएससी, इथे ग्रहांच्या वातावरणावर किंवा त्याला लागणाऱ्या मूळ विषयांवर काम चालतं. मंगळयानावर मेन्का हे उपकरण होतं ज्याने मंगळाच्या अगदी वरच्या विरळ हवेतला आर्गॉन वगैरे मोजला, ते तिरुवनंतपुरमचं. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने शुक्राच्या मिशनला १२३६ कोटी मंजूर केलेत, उड्डाण मार्च २०२८ ला ठरवलंय, म्हणजे आज बीएस्सीला असलेल्या मुलीच्या पीएचडीच्या वेळेला डेटा यायची शक्यता आहे, पण वर टांगण्याबद्दल जे लिहिलं ते इथेही लागू. तुम्ही पुण्याच्या आसपास असाल तर युनिव्हर्सिटीत ॲटमॉस्फेरिक अँड स्पेस सायन्सेसचा विभाग आहे, पाषाणला आयआयटीएम ही हवामान-संशोधनाची संस्था आहे, आणि युनिव्हर्सिटीच्या आवारातच आयुका ही खगोलशास्त्राची. आयआयटीएममध्ये मान्सून करतात, शुक्र नाही, पण मान्सूनचं मॉडेल चालवायला शिकलेली मुलगी मंगळाचं मॉडेल चालवू शकते, उलट तिला ढग आणि पाऊस जास्त चांगले कळतात. परीक्षा म्हणाल तर जेस्ट, गेट, आणि सीएसआयआर-नेट, नेटमध्ये फिजिकल सायन्सेस आहेच, शिवाय अर्थ, ॲटमॉस्फेरिक, ओशन अँड प्लॅनेटरी सायन्सेस असा वेगळा पेपर आहे जो बऱ्याच जणांना माहीतच नसतो. जेआरएफला, म्हणजे पीएचडीच्या सुरुवातीच्या फेलोशिपला, २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात, वर घरभाडं. आयटीवाल्या भावाशी तुलना करू नका म्हणजे झालं.

सध्या बाहेरच्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांची हवा बघायची लाट आहे, जेम्स वेब ह्या अवकाश दुर्बिणीमुळे, आणि पोरांना तेच हवं असतं. चांगलंच आहे, वास्प-३९बी नावाच्या ग्रहावर कार्बन डायऑक्साइड इतका स्वच्छ दिसला की पेपर बघून आम्ही टाळ्या वाजवल्या. पण के२-१८बी वर जीवसृष्टीच्या खुणा वगैरे बातम्या आल्या की जरा थांबावं. त्या दाव्यामागचा संकेत अशक्त आहे, दुसऱ्या गटांनी तोच डेटा वेगळ्या पद्धतीने घासला तर तो विरून जातो. शुक्रावरच्या फॉस्फीन वायूचंही (तोही जीवसृष्टीची खूण म्हणून गाजला) २०२० पासून तेच चाललंय. जिथे ४६० अंशांचा शेजारचा ग्रह आपल्याला नीट कळलेला नाही तिथे इतक्या लांबच्या ठिपक्याबद्दल छातीठोक बोलणं मला पटत नाही. हे माझं मत, तरुण सहकारी मला ह्यावरून म्हातारा म्हणतात.

लेकीने आत्ता काय करावं, तर एक छोटं काम सांगतो, फुकटात होतं. व्हायकिंग यानं १९७६ मध्ये मंगळावर उतरली आणि तिथला हवेचा दाब वर्षानुवर्षं मोजत राहिली, तो डेटा नासाच्या प्लॅनेटरी डेटा सिस्टिमवर कुणालाही डाउनलोड करता येतो. तो काढायचा, मंगळाच्या एका वर्षभराचा आलेख मांडायचा. दिसेल की दाब वर्षात जवळपास पाव भाग खालीवर होतो, कारण हिवाळ्यात ध्रुवावर हवाच गोठून जमिनीवर पडते, कार्बन डायऑक्साइडचा बर्फ होऊन. आणि आलेखाला खड्डे दोन येतात, एक मोठा एक लहान. मोठा कुठल्या ध्रुवाच्या हिवाळ्याचा, आणि तो मोठा का, हे तिने स्वतः गणित करून काढावं. लंबवर्तुळाकार कक्षा आणि केप्लरचा दुसरा नियम एवढ्यावर येतं ते. कुणाला न विचारता दोन रविवारांत जमलं तर समर प्रोजेक्टसाठी पीआरएलला किंवा आयआयएसटीला मेल टाकताना 'मला लहानपणापासून अवकाशाची आवड आहे' हे वाक्य कापायचं, असे मेल रोज येतात, आणि त्या जागी तो आलेख जोडायचा. उत्तर नाही आलं तर पंधरा दिवसांनी परत एकदा पाठवायचा.